बॅटरी रूममधल्या दोन जावा

१९९८ साली मी नोकरीला लागले तेव्हा मला सगळं येत होतं. इलेक्ट्रिकलची पदवी ताजी होती, स्क्रू ड्रायव्हर नवा कोरा होता आणि राग नाकाच्या शेंड्यावर होता. कंपनीची बस सकाळी रत्नागिरीतून निघायची आणि हातखंब्याच्या अलीकडे डावीकडे वळून कातळावर चढायची. तिथे वर, नजर पोहोचेल तिथवर जांभा दगड आणि मधोमध आमचा रसायनांचा कारखाना. विद्युत विभागात मी एकटीच बाई. मला ठेवायचं कुठे, असा साहेबांपुढे प्रश्न पडला. साहेब म्हणजे आमचे विभागप्रमुख. माणूस भला, पण प्रश्न दिसला की तो कपाटात ठेवून कुलूप लावणार. त्यांनी मला बॅटरी रूममध्ये ठेवलं.

बॅटरी रूम म्हणजे कारखान्याच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली. लाकडी घोडीवर एकशे दहा सेल ओळीने मांडलेले, प्रत्येक लोणच्याच्या बरणीएवढा, आत ॲसिड. बाहेरची वीज गेली तरी मोठे स्विच पाडायला, म्हणजे बिघाडात आपोआप बंद करायला, यंत्रांना तेल पाजणारे पंप चालवायला आणि जिन्यातले दिवे लावायला ही बॅटरी लागायची. म्हणजे कारखान्याचा जीव तिथे होता आणि तिकडे कुणी फिरकत नव्हतं. ॲसिडचा वास घशात बसायचा. खोलीबाहेर चार्जरची छोटी खोली होती, एक बाक होता, आणि त्या बाकावर बोटवाले काका होते.

आमच्याकडे आगबोटीवर नोकरी केलेल्या माणसाला 'बोटीवर होता' असं म्हणतात, तो बोटीवर काय करायचा हे कुणी विचारत नाही. काका बोटीवर इलेक्ट्रिशियन होते. भाट्याच्या पुलापलीकडे खाडीकाठी त्यांचं घर. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा डोंबिवलीला. बोटीवरची नोकरी सुटल्यावर ते इथे बॅटरी सांभाळायला लागले. वय साठीच्या आसपास, नक्की कागदावर किती आणि खरं किती हे त्यांनाच माहीत. अंगावर खाकी शर्ट आणि त्याला ॲसिडने पाडलेली भोकं. पावसाळ्यात खिशात फणसाच्या भाजलेल्या आठळ्या असायच्या. मी दारात पाऊल टाकलं की पाठमोरे असतानाच म्हणायचे, "ये गो बाय, आठळ्या खा."

तिसऱ्याच दिवशी मी त्यांच्या बॅटरीत चूक काढली. कॉलेजात आम्हाला चार वर्षं एकच गोष्ट घोकून घेतली होती, की अर्थिंग करा. यंत्राची पेटी, खांब, तारेचं टोक, सगळं जमिनीला जोडा. आणि इथे दोनशे वीस व्होल्टची बॅटरी, तिची प्लसही जमिनीला जोडलेली नाही, मायनसही नाही. दोन्ही वायरी जणू अधांतरी. कुणीतरी जोडायचं विसरलंय, अशी माझी खात्री झाली. मी साहेबांना पानभर चिठ्ठी लिहिली. 'गंभीर त्रुटी' या शब्दांखाली दोन रेघा मारल्या.

साहेबांनी ती चिठ्ठी वाचली आणि काकांकडे पाठवून दिली.

"बाय, ही तुजी काय?" काका म्हणाले. चिठ्ठी त्यांनी उलटी धरली होती. मला वाटलं, माझी खिल्ली उडवतायत.

"हो, माझीच."

"मोठ्यानं वाच बगू."

मी वाचली. दोन रेघांसकट वाचली. काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मला बाकावर बसवलं.

"बोट सगळी लोखंडाची, बरोबर? तुजी ती जमीन, ती आमच्या बोटीचं अंग समज. दोन वायरींतली एक तू मुद्दाम त्या अंगाला बांधलीस. आता दुसरी वायर कुठं नुसती घासली तरी फ्यूज उडाला. सुकाणूची मोटर बंद. आन् आपण खंय? भर समुद्रात. म्हणून दोघींना मोकळ्या ठेवायच्या. कुणाला कशाला बांधायची नाय. मग एखादी घासली तर काय होतंय?"

"काय होतं?"

"काय पण होत नाय. बोट चालते, सुकाणू चालतं. तू निवांत शोधायचंस, कुठं घासली ती."

"आणि शोधलीच नाही तर?"

"मग दुसरी घासेपर्यंत तुज्या हातात वेळ हाय," काका म्हणाले. "पण ती कधी घासंल ते ती काय सांगून येत नाय."

पाठ्यपुस्तकात हे एका कोपऱ्यातल्या परिच्छेदात होतं, हे मला त्या संध्याकाळी घरी सापडलं. परीक्षेला येत नाही म्हणून मी तो सोडून दिला होता.

पहिला बिघाड गप्प असतो, म्हणून तो सांगायला काहीतरी हवं. त्यासाठी काकांनी स्वतः एक बोर्ड बनवला होता. सागवानी फळी आणि तिच्यावर दोन साधे पिवळे बल्ब. एक प्लसच्या बाजूला, एक मायनसच्या बाजूला, आणि दोघांच्या मधलं टोक जमिनीला. सगळं ठीक असलं की दोघेही सारखेच मंद जळायचे. प्लसची वायर कुठे ओलीला लागली की तिच्या बाजूचा बल्ब विझत जायचा आणि मायनसचा झगमगायला लागायचा. मायनस लागली की उलट.

काका त्यांना जावा म्हणायचे. एकीचा चेहरा उतरला की दुसरीचा खुलतो, म्हणून. सकाळी माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "काका, जावा कशा आहेत?" आणि ते म्हणायचे, "एका चुलीवर जेवतात." हे ऐकलं की मी चहा घ्यायची.

काकांची बघण्याची रीतही निराळी होती. बोर्डासमोर उभं राहायचं, उजवा हात पालथा करून आधी एका बल्बजवळ न्यायचा, मग दुसऱ्याजवळ, आणि मान हलवायची. आई नाही का, ताप आलाय का बघायला मुलाच्या कपाळाला पालथा हात लावत, तसं. आम्ही कधी विचारलं नाही. बोटीवरच्या माणसाच्या चार सवयी वेगळ्या असायच्याच. मी आणि माझ्या वयाचा एक वायरमन, आम्ही दोघेही नकळत तसाच हात लावायला लागलो. सेलमधल्या ॲसिडची घनता मोजायची तर नळी काकांच्या हातात, पण आकडा आमच्यापैकी कुणीतरी वाचायचा. "मोठ्यानं वाच. बोटीवर मोठ्यानं वाचायची पद्धत हाय. मोठ्यानं वाचलं की चूक होत नाय." लॉगबुकही ते सांगणार आणि आम्ही लिहिणार. मला वाटायचं, केवढा हा शिकवायचा सोस! घरी आईला मी कौतुकाने सांगायची, की आमचे काका स्वतः मागे राहतात आणि आम्हाला पुढे करतात.

पावसाळा हा आमचा सणासुदीचा काळ. कातळावर पाणी मुरत नाही, ते केबलच्या चरांतून वाट काढतं. आठवड्यातून एकदा तरी एक जाऊ रुसायची. मग शोध. मी पॅनेलपाशी उभी राहून एकेक स्विच बंद करायची, काका बोर्डाशी. ज्या स्विचला दोन्ही बल्ब पुन्हा सारखे होतील, बिघाड त्या वाटेवर. बल्ब तर क्षणात सांगतो. पण काका प्रत्येक स्विचनंतर म्हणायचे, "जरा थांब." आणि पानाला चुना लावून विडा होईल एवढा वेळ बोर्डासमोर पालथा हात धरून उभे.

"काका, वीज काय चालत येते का?" माझा पारा चढायचा. "बंद केला की कळतं लगेच!"

"रुसवा उतरायला वेळ लागतो बाय. तुजा काय पटकन उतरतो?"

वायरमन पॅनेलमागे तोंड लपवून हसायचा. एकदा अशीच सगळी दुपार गेली आणि शेवटी टाकीजवळच्या एका व्हॉल्व्हच्या पेटीत, वायरी जोडायच्या दोन खिळ्यांच्या मधोमध, गारेगार बसलेली एक बेडकी सापडली. काकांनी ती ओंजळीत घेतली, "दोन जावांत भांडण लावलंस काय गो," म्हणाले आणि गवतात सोडून आले. मी आतून ओरडले, "झाल्या सारख्या!" तरी आत येऊन त्यांनी दोन्ही बल्बांना हात लावून बघितलाच. मला तो माणूस फार आवडायचा. राग यायचा आणि आवडायचा, दोन्ही एकाच वेळी.

पाच वर्षं अशी गेली. पाचव्या वर्षी मला सुधारणा करायची हुक्की आली.

निमित्त मुंबईच्या हेड ऑफिसातून आलेल्या पाहुण्यांचं होतं. ते सगळीकडे फिरले, काकांच्या फळीसमोर थांबले आणि त्यांतला एक जण म्हणाला, "हे अजून चालतं?" झालं. मला ते झोंबलं. मी आठ दिवसांत प्रस्ताव टाकला आणि दोन महिन्यांत नवा संच आला. वहीएवढी करडी पेटी, तिच्यावर मोहरीएवढे तीन दिवे. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे प्लस जमिनीला लागली, पिवळा म्हणजे मायनस. शिवाय भोंगा. बल्ब गरम होण्याचा प्रश्न नाही, जाण्याचा प्रश्न नाही. मी स्वतः उभी राहून ती बसवून घेतली आणि काकांना हाक मारली.

काका पेटीसमोर आले. बराच वेळ उभे राहिले. पालथा हात वर गेला, पेटीच्या काचेला टेकला आणि खाली आला.

"चांगली हाय," ते म्हणाले. "लहान हाय."

"लहान नाही काका, आधुनिक आहे."

"होय गो. तेच म्हटलं." मग थोड्या वेळाने, "जुना बोर्ड मी ठेवू काय?"

"असा कसा ठेवाल? तो स्क्रॅपला जाणार. नियम असतात काका."

नियम होतेच. पण मी ते ज्या तोऱ्यात सांगितले, तो तोरा आठवला की आजही मला माझी लाज वाटते.

जून लागला आणि हवेतल्या ओलीनेच भोंगा ठणाणा करायला लागला. दिवसातून चार वेळा, काही नसताना. साहेबांची खोली बरोबर वरच्या मजल्यावर. दोन दिवस त्यांनी सोसलं, तिसऱ्या दिवशी मला बोलावलं. "ते बोंबलणं काढून टाका तात्पुरतं. दिवे आहेत ना? काका बघतातच की रोज." मलाही ते पटलं. भोंग्याची वायर मी माझ्या हाताने सोडवली आणि टोकाला टेप गुंडाळली.

जुलैत भाताची लावणी आली. आमच्याकडे लावणीला अर्धा कारखाना रजेवर जातो, कुणी कुणाला अडवत नाही. आमचा वायरमनही दहा दिवस गावी गेला. मी नव्या सबस्टेशनच्या कामात गळ्यापर्यंत बुडालेली. बॅटरी रूममध्ये काका एकटे. मी येताजाता दारातूनच विचारायची, "काका, जावा कशा आहेत?" आणि आतून उत्तर यायचं, "ठीक हाय." एका चुलीवर जेवतात, असं त्यांनी म्हणणं सोडून दिलं होतं. ते माझ्या लक्षातच आलं नाही.

एका सकाळी साडेदहाच्या सुमाराला कारखाना बंद पडला. अख्खा. पाच वर्षं कानात बसलेली घरघर एकदम थांबली आणि पत्र्यावरचा पाऊस ऐकू यायला लागला. मुख्य स्विच कुणी हात न लावता पडला होता. सुदैवाने कुणाला काही झालं नाही. पण भट्ट्यांमधला माल वाया गेला आणि सगळे पळत सुटले.

काय झालं असेल ते मला जिन्यातच कळलं होतं. प्लसची वायर कुठेतरी ओलीत जमिनीला लागली, ती लागूनच राहिली. मग मुख्य स्विच पाडणाऱ्या गुंडाळीची वायर दुसरीकडे जमिनीला लागली. दोन्ही बिघाडांची जमिनीतून गाठ पडली, गुंडाळीला वीज मिळाली, स्विच पडला. दुसरा बिघाड त्या सकाळचा होता. पहिला कधीचा?

मी चार्जरच्या खोलीत शिरले. पेटीवर लाल दिवा स्थिर जळत होता. बाजूला लॉगबुक उघडं होतं. आठ दिवसांच्या नोंदी काकांच्या अक्षरात, ओळ सोडून तिरप्या गेलेल्या, एकीवर दुसरी चढलेली. ठीक. ठीक. ठीक.

"काका!" मी केवढ्याने ओरडले असेन. "लाल दिवा दिसत नाही का तुम्हाला?"

काका बाकावरून उठले. चाचपत पेटीपाशी आले, पालथा हात वर केला आणि त्या लाल दिव्यावरच टेकवला.

"थंड हाय गो," ते म्हणाले. "कालपण थंडच होता."

मी त्यांच्या बाकावर बसले. मोठ्यानं वाच. जरा थांब. माझी उलटी धरलेली चिठ्ठी. पाठमोरं राहून पावलांवरून ओळखणं. सगळं एकामागून एक येऊन माझ्यापुढे उभं राहिलं. त्या माणसाला दिसत नव्हतं. तो बल्बची ऊब वाचत होता, आणि ती ऊब मी काढून स्क्रॅपला दिली होती.

दुपारी पायरीवर बसून त्यांनी सांगितलं. उजवा डोळा बोटीवर असतानाच गेला होता. डाव्यात मोतीबिंदूचं धुकं होतं, ते वर्षागणिक वाढत गेलं. ऑपरेशन का नाही केलं? मोठ्या भावाने केलं होतं, त्याचा डोळा त्यातच गेला. "माज्याकडं एकच उरलाय बाय. तो पण गेला तर?"

"मग मला सांगायचं होतंत! पेटी आणली त्या दिवशी तरी!"

"सांगितलं असतं तर तू साहेबाला सांगितलं असतंस. तू खोटं बोलत नायस. मग मेडिकल. मग डोंबिवली." त्यांनी खिशातून एक आठळी काढली आणि सोलायला लागले. "मुलगा चांगला हाय. सून चांगली हाय. पण तिकडं मी काय करू? खिडकीत बसून समोरच्यांची खिडकी बघू? ती पण दिसायची नाय." हे बोलून ते स्वतःच हसले. मग गंभीर झाले. "बोटीवर पंचवीस वर्षांत मी लॉगबुकात खोटं लिवलं नाय. हे आठ दिवस लिवलं. तू रिपोर्टात खरं ते लिही. माजी भीड नको."

साहेबांना अहवालात एक ओळ हवी होती, 'तपासणी करणाऱ्याची चूक'. त्या एका ओळीने काकांचं बॅटरी रूमचं दार कायमचं बंद झालं असतं. मी चांगल्या दोन दुपारी घालवल्या आणि खरं ते लिहिलं. काकांना दिसत नाही, हे लिहिलं. त्यांनी ते लपवलं, हेही लिहिलं. आणि मग लिहिलं, की जुने बल्ब ज्याच्या हाताखाली होते त्याला न विचारता मी ते काढले, भोंगा मी सोडवला, आणि तो सोडवायला मला कुणी सांगितलं तेही. पाच वर्षं त्या फळीने एकही बिघाड चुकवला नव्हता, हे शेवटी लिहिलं. 'गंभीर त्रुटी' हे शब्द पुन्हा वापरले, या वेळी माझ्या नावापुढे, खाली दोन रेघा.

साहेबांनी ते वाचलं आणि माझ्यासमोर कपाट उघडलं. मला वाटलं, गेला अहवाल आत. पण त्यांनी कपाट तसंच मिटलं. "डोळ्याचं ऑपरेशन करून घेऊ दे," ते म्हणाले. "मग मी स्वतः परीक्षा घेईन. नवे दिवे वाचता आले तर राहू दे. नाहीतर मी काही करू शकणार नाही, कळलं?"

काकांना तयार करायला मला पंधरा दिवस लागले. मी समजावलं, भांडले, रुसले. शेवटी मी स्क्रॅपच्या ढिगातून फळी शोधून आणली, दोन्ही बल्ब शाबूत होते, आणि ती पेटीशेजारी परत ठोकली. काकांनी दोघींना पालथा हात लावला. "बरं," म्हणाले, "मारा चीर माज्या डोळ्याला." मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला. ऑपरेशन, पट्टी, थेंब, विश्रांती सगळं डोंबिवलीत झालं. दीड महिना मी त्यांना बघितलं नाही. बॅटरीच्या सेलना मीच पाणी घालत होते, आणि आकडे रिकाम्या खोलीत मोठ्याने वाचत होते.

परीक्षेच्या दिवशी साहेब आले, त्यांच्याबरोबर सुरक्षा विभागाचे एक गृहस्थ फाइल घेऊन. फळीवरचे बल्ब साहेबांनी काढून ठेवायला लावले. माझं काम असं, की मी पॅनेलपाशी उभी राहून मुद्दाम खोटा बिघाड करायचा, खालच्या स्विचने प्लसला, वरच्याने मायनसला. आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. "तुम्ही सुचवाल," साहेब म्हणाले. ते काही चूक नव्हतं. मी नक्कीच सुचवलं असतं.

काका आले. नवा शर्ट, भोकं नसलेला. डोळ्यांवर चष्मा. दारात थांबून त्यांनी सगळीकडे नजर फिरवली. साहेबांना नमस्कार केला. मग माझ्याकडे बघितलं, सरळ तोंडाकडे, चार हातांवरून. मी हसले. त्यांची नजर माझ्यावरून पुढे गेली, खोलीभर फिरली आणि परत आली.

"साहेब, आमची बाय कुठं हाय?" त्यांनी विचारलं. "आज आली नाय?"

फाइलवाल्या गृहस्थांनी साहेबांकडे बघितलं आणि पेनाला टोपण घातलं. पाच वर्षं रोज जिच्याबरोबर काम केलं ती समोर उभी असून दिसत नाही, म्हणजे ऑपरेशन फुकट गेलं. साहेब मान खाली घालून घड्याळ बघायला लागले. मी तोंड उघडलं आणि मिटलं. दुसरं काही सुचलं नाही म्हणून खालचा स्विच दाबला.

"लाल," काका म्हणाले. लगेच. मी स्विच सोडला. "हिरवा." वरचा दाबला. "पिवळा." सोडला. पुन्हा वरचा. "पिवळाच. फसवतो कोण तो?" खालचा. "लाल." जरा थांब नाही, हात नाही, काही नाही. दिवा क्षणात बदलावा आणि त्यांनी क्षणात सांगावा.

साहेब गोंधळले. "काका, तुम्हाला एवढं दिसतंय, मग हिला कसं ओळखलं नाही? ही काय समोर उभी आहे."

काकांनी माझ्याकडे वळून बघितलं. एक डोळा होता, पण त्याने त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत बघून घेतलं.

"हिला मी बगितली कधी होती साहेब?" ते म्हणाले.

फाइलवाल्या गृहस्थांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं. परीक्षा संपली होती, तरी मी पॅनेलपाशीच उभी राहिले. काका माझ्याजवळ आले, अगदी जवळ. "बोल गो कायतरी," ते हळूच म्हणाले. "म्हणजे कळंल."

काय बोलायचं ते मला कळत नव्हतं. आणि काही सुचेनासं झालं की मला रागच येतो. मी साहेबांकडे वळले आणि ओरडले, "साहेब, तो भोंगा कधी जोडायचा? किती वेळा लिहून देऊ?"

काका हसायला लागले. हसता हसता त्यांनी उजवा हात पालथा केला आणि माझ्या कपाळाला टेकवला, आणि सवयीप्रमाणे जरा थांबले.

"हीच," ते साहेबांना म्हणाले. "हीच ती."